पाऊण सेकंदातला डायनोसॉर

वायफाय गेलं की क्रोमच्या पडद्यावर करडा, ठोकळ्याठोकळ्यांचा टी-रेक्स उभा राहतो. स्पेसबार दाबला की धावत सुटतो. समोरून निवडुंग येतात. वेळेवर उडी मारली तर ठीक, नाहीतर डाव संपला. नेट नाही म्हणजे आपण थेट प्रागैतिहासिक काळात, असा गूगलच्या डिझायनरांचा हा २०१४ सालचा विनोद. २०१८ मध्ये कंपनीने सांगितलं, की महिन्याला याचे २७ कोटी डाव होतात आणि खेळणारे बहुतेक भारत, ब्राझील, मेक्सिको, इंडोनेशिया अशा, डेटा महाग किंवा बेभरवशाचा असलेल्या देशांतले असतात. रेंज जाण्याचं इतकं सोनं दुसऱ्या कुणी केलं नसेल.

खेळाचा कोड कुणालाही वाचता येतो, आणि तो वाचताना खेळण्याइतकीच मजा येते. पडदा ६०० पिक्सेल रुंद. सुरुवातीला जमीन एका फ्रेमला ६ पिक्सेल सरकते. सेकंदाला ६० फ्रेम. दर फ्रेमला वेगात ०.००१ची भर पडते आणि १३ला तो थांबतो. गुणाकार करून पाहा: जेमतेम दोन मिनिटांत खेळ सर्वोच्च वेगाला पोहोचतो, त्यापुढे तो तसूभरही वाढत नाही! तरी आपण आपटतोच.

आरंभी निवडुंग पडद्यावर उगवल्यापासून डायनोसॉरच्या नाकाशी यायला सुमारे दीड सेकंद लागतो. पूर्ण वेगात तेवढ्याच अंतराला पाऊण सेकंदही मिळत नाही. दिसलेल्या गोष्टीला बोटाने उत्तर द्यायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. डोळ्याच्या पडद्यापासून मेंदूपर्यंत आणि तिथून बोटापर्यंतचा प्रवास त्याहून फारसा आखडत नाही. उडी स्वतःच अर्धा सेकंद हवेत खाते. म्हणजे पहिल्या निवडुंगावरून जात असतानाच दुसऱ्याचा हिशेब व्हायला हवा.

अशा खेळांना आपण ‘रिफ्लेक्स’चे खेळ म्हणतो. पण तव्याचा चटका बसताच हात मागे येतो, ती खरी प्रतिक्षिप्त क्रिया. तिचा हुकूम मज्जारज्जूच देऊन टाकतो. इथे तर मेंदू पुढचं आधीच पाहून ठेवतो. हे क्रिकेटमध्ये मोजलं गेलं आहे. मायकेल लँड आणि पीटर मॅक्लिऑड यांनी २००० साली फलंदाजांच्या नजरेचा माग काढला. चेंडू हातातून सुटताना फलंदाज तो बघतो आणि मग त्याचा पाठलाग सोडून नजर थेट टप्प्याच्या जागी टाकतो, चेंडू तिथे पोहोचायच्या आधीच. चांगल्या फलंदाजाची ही झेप लवकर पडते. डायनोसॉर खेळणाराही काही वेळाने स्वतःच्या प्राण्याकडे बघणं सोडतो आणि नजर पडद्याच्या उजव्या कडेला लावून बसतो. कुणी शिकवलेलं नसतं.

खेळ तसा दयाळूही आहे. वेग वाढेल तसं दोन अडथळ्यांमधलं अंतर तो वाढवतो. टक्कर तपासताना डायनोसॉर हा एक मोठा चौकोन धरलेला नाही, सहा छोटे तुकडे धरलेत. त्यामुळे शेपटीखालच्या रिकाम्या जागेत निवडुंग घुसला तरी चालतं. (‘अरे, लागलाच नव्हता!’ हे भांडण त्यामुळे बरंच कमी होतं.)

आणि मग, साधारण चाळिसाव्या सेकंदाच्या पुढे, तो उडता सरडा येऊ लागतो. टेरोडॅक्टिल. त्यात खरी खोडी आहे. निवडुंग जमिनीबरोबर सरकतात, त्यामुळे जमिनीचा वेग अंगवळणी पडला की काम भागतं. हा मात्र जमिनीपेक्षा किंचित जलद किंवा किंचित मंद येतो आणि त्यातलं कोणतं ते दर वेळी नशिबावर ठरतं. मेंदूने इतक्या मेहनतीने बसवलेला अंदाज नेमका तेवढ्याच फरकाने चुकतो. हा तीन उंचींवर येतो. खालच्यावरून उडी मारायची, मधल्याखालून वाकायचं. सगळ्यात वरचा तर डोक्यावरून निघून जातो, त्याच्यासाठी काहीच करायचं नसतं. त्याला धडकायचं असेल तर उडी मारावी लागते, आणि लोक ती मारतात.