फुगडी घालता ना? मग हेही जमेल!

मैत्रिणींनो, खरं सांगा, एक फुगडी घातल्यावर तुमचा श्वास किती वेळानं जागेवर येतो? माझा दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात येईचना. भाचेसुनेची मंगळागौर होती, इथेच रत्नागिरीत, मारुती मंदिराच्या बाजूला. दहा-बारा गिरक्या झाल्या नाहीत तोच छाती लोहाराच्या भात्यासारखी वरखाली व्हायला लागली. समोरची पोर हळूच म्हणते, "मामी, थांबू या का?" ऐका! रात्र रात्र झिम्मा खेळून सकाळी पुन्हा ओट्यापुढे उभी राहिलेली मी! घरी आल्यावर ह्यांच्या नकळत वजनकाटा बाहेर काढला. ७४ किलो. उंची पाच फूट एक इंच आणि वय ४७.

आमच्या आळीतल्या एक वहिनी पहाटे सहाला कुठेतरी जातात, एवढं मला ठाऊक होतं. "चल की उद्या," म्हणाल्या. गेले. एका शाळेचं रिकामं सभागृह, चौदा बायका आणि शिकवायला पंचविशीतली एक मुलगी, शाळेत असताना खो-खो खेळलेली. बँकेतल्या बाई, रात्रपाळी संपवून आलेली परिचारिका, ६२ वर्षांच्या निवृत्त शिक्षिका, सगळ्याजणी तिला 'ताई' म्हणतात. ताईच्या गळ्यात शिट्टी. ती वाजली की ४० सेकंद उठाबशा, पुन्हा वाजली की २० सेकंद दम खायचा. मग जागच्या जागी धावणं, मग भिंतीला हात टेकून जोर, मग पाण्यानं भरलेल्या बाटल्या दोन्ही हातांत धरून वर-खाली. असे सहा प्रकार, तीन फेऱ्या. सुरुवातीला दहा मिनिटं अंग मोकळं करायचं, शेवटी ताण द्यायचे. पाऊण तासात सगळं आटोपून घरी.

पहिल्या दिवशी मी दुसऱ्या फेरीतच बाकावर बसले. कुणी हसलं नाही. मास्तरीणबाईंनी फक्त पाण्याची बाटली पुढे केली.

आता तुम्ही म्हणाल, ही मध्ये मध्ये थांबायची काय भानगड? तर तीच खरी गोम आहे. थोडा वेळ जीव तोडून करायचं, थोडं थांबायचं, पुन्हा करायचं. याला इंग्रजाळलेलं नाव आहे 'इंटरव्हल ट्रेनिंग'. १९९६ साली जपानमध्ये इझुमी ताबाता यांनी याचा एक गाजलेला प्रयोग प्रसिद्ध केला. सायकलवर २० सेकंद जीव खाऊन पाय मारायचे, १० सेकंद थांबायचं, असं सात-आठ वेळा. म्हणजे उणीपुरी चार मिनिटं. सहा आठवड्यांत त्या मंडळींचा दमसास चांगलाच वाढला. पण थांबा, लगेच चार मिनिटांच्या नादी लागू नका. ती सगळी व्यायामात मुरलेली तरुण मुलं होती. चाळिशीपुढच्या आपल्यासारखीनं ते पहिल्याच दिवशी करायचं नसतं.

आणि गंमत पाहा, हे आपल्याला नवं कुठे आहे? मंगळागौरीला दोघी फुगडी घालतात, बाकीच्या टाळ्या पिटतात. त्या थांबल्या की दुसऱ्या दोघी. दम लागला की बाजूला व्हायचं, ओसरला की पुन्हा रिंगणात. खो-खोचंही तेच. पाटीवर बसायचं, खो मिळाला की जिवाच्या आकांतानं सुटायचं, पुन्हा बसायचं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला, त्यात आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. कर्णधार होती आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. दुसऱ्या दिवशी ताईनं वर्गात पेढे वाटले आणि लगेच दोन फेऱ्या जास्त घेतल्या. पेढा वसूल!

जोर पुरेसा लागतोय की नाही हे ओळखायची सोपी खूण आहे. चालता चालता गप्पा मारता येतात, पण गाणं म्हणता येत नाही, तो मध्यम व्यायाम. दोन-चार शब्दांपुढे बोलताच येत नाही, तो जोराचा. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, आठवड्याला मध्यम व्यायाम १५० ते ३०० मिनिटं करा, नाहीतर जोराचा ७५ ते १५० मिनिटं; शिवाय निदान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा. जोराचा व्यायाम रोज नको. आमचा वर्ग सोमवार, बुधवार, शुक्रवार. मधल्या दिवशी मी भाट्याच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनाकडेनं चालून येते.

एकटीनं घरी का नाही करायचं? करा की! पण माझा अनुभव असा, की घरी करायचा व्यायाम हा उद्यावर ढकलण्यासाठीच असतो. दूध उतू जातं, सासूबाई हाक मारतात, कामवाली आज येणार नाही म्हणून फोन येतो. वर्गाला नाही गेलं तर सव्वासहाला वहिनींचा फोन वाजतो. तो चुकवण्यापेक्षा जाणं सोपं.

आता माझ्या मूर्खपणाची कथा सांगते, कारण ती सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच. वर्ग सुरू होऊन महिना झाला, काटा एकच किलो खाली. दिराच्या मुलीचं लग्न तीन महिन्यांवर आलेलं. मोबाइलवरून कुणीतरी पाठवलेला एक 'कडक' आहार माझ्या हाती लागला. भात बंद, नारळ बंद, मासे बंद. सकाळी लिंबूपाणी, दुपारी एक पोळी आणि दुधीची भाजी, रात्री काकडी. रत्नागिरीत राहून भात, नारळ, मासे बंद! ह्यांच्या ताटातल्या बांगड्याकडे पाहात मी काकडी चावत बसायची. पाच आठवड्यांत साडेचार किलो उतरले आणि मी हवेत. त्यानंतरच्या शुक्रवारी दुसऱ्या फेरीत डोळ्यांपुढे काळोख आला. शुद्धीवर आले तेव्हा पायाखाली कुणाची तरी पर्स होती आणि परिचारिका माझी नाडी बघत होती.

डॉक्टरांनी वजन विचारलंच नाही, रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ८.६. बाईचं निदान १२ तरी हवं. "पाळी कशी येते?" त्यांनी विचारलं. मी वर्षभर दर महिन्याला आठ-आठ दिवस काढत होते आणि या वयात असं व्हायचंच म्हणून गप्प बसले होते. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ निघाली, साधीच, पण रक्तस्रावाचं कारण तीच. त्यावर उपचार झाले, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. म्हणजे रक्त आधीच कमी, त्यात खाणं तोडलं आणि वर पहाटे उठून धावले! आणि मी एकटी नाही हो. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षय असलेल्या आढळल्या. तुमच्या वर्गात चौदाजणी असतील तर हिशेब करा. म्हणून पळापळ सुरू करण्याआधी हिमोग्लोबिन, साखर आणि रक्तदाब, या तीन तपासण्या करून घ्याच.

मग कडक आहार नकोच का? हवा. पण कडकपणा कशाचा, ते ठरवा. डॉक्टरांनी मला उलटाच कडकपणा लावला: रोज प्रथिनं चुकवायची नाहीत. दर किलो वजनामागे सुमारे ०.८३ ग्रॅम, असं आपल्या वैद्यकीय संशोधन परिषदेचं माप आहे. ६५ किलोच्या बाईला साधारण ५४ ग्रॅम. अंड्यात ६, वाटीभर घट्ट वरणात ६-७, मध्यम बांगड्यात १९-२०. मी लिहून काढलं तर माझ्या पूर्वीच्या दिवसात पंचवीसही भरत नव्हते. सगळ्यांना वाढून उरलेल्या आमटीवर भात कालवणारी बाई, तिला कुठून मिळणार?

आता सकाळी वर्गाआधी केळं. आल्यावर नाचणीची आंबोली किंवा घावन, सोबत अंडं. दुपारी भात आहेच, पण मोजून एक वाटी. बाकी ताट मासळी किंवा उसळ, पालेभाजी आणि कोशिंबिरीनं भरायचं. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा सुकट, सोडे. मात्र दोन-तीनदा धुऊन, मीठ फार असतं. रात्री कुळथाची पिठी आणि नाचणीची भाकरी, आठाच्या आत. शाकाहारी मैत्रिणींनी दही आणि कडधान्यं वाढवावीत. पालेभाजी-उसळीवर लिंबू पिळायचं, त्यानं लोह अंगी लागतं. जेवणावर चहा लगेच घ्यायचा नाही, तो लोह अडवतो. तासाभरानं घ्या. हा एक नियम पाळणं मला वजनापेक्षा अवघड गेलं!

नारळ? भाजीवर चिमूटभर. तळण महिन्यातून दोनदा. साखर चहापुरती. आणि आंबा? मे महिन्यात रत्नागिरीकराला आंबा सोडायला सांगणाऱ्याचं ऐकू नये. रस वाटी-वाटी नको, जेवणाबरोबर एक हापूस कापून खा आणि त्या दिवशी भात निम्मा करा. मधुमेह असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून.

जेवणाच्या वेळांवरून आमच्या वर्गात दोन तट आहेत. एक डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा, दिवसातून दोनदाच जेवणाऱ्यांचा. दुसरा ऋजुता दिवेकरांचा, घरचं, आपल्या मातीतलं, वेळच्या वेळी खाणाऱ्यांचा. आठवड्यातून एकदा भांडण होतं. मला विचाराल तर जे वर्षभर निभेल ते आपलं. पण मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्या बाईनं स्वतःच्या मनानं जेवण कमी करून व्यायाम करू नये. साखर एकदम खाली येते. पिशवीत चार खडे साखर ठेवा.

एक नाजूक गोष्ट, पण बोललंच पाहिजे. उडी मारताना लघवीचे थेंब सुटतात म्हणून कित्येकजणी वर्ग सोडतात आणि कारण भलतंच सांगतात. बाळंतपणांनंतर असं पुष्कळजणींना होतं. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून धरण्याचे व्यायाम असतात, स्त्रीरोगतज्ज्ञ शिकवतात, बराच गुण येतो. तोवर उडीऐवजी पाऊल बाजूला टाका. गुडघे दुखणाऱ्यांनीही तेच करावं. उठाबशा खुर्चीवरून उठत-बसत काढाव्यात. छातीत दुखलं, डाव्या हातात कळ आली, तर शिट्टीची वाट न पाहता थांबायचं. आणि पायात बूट हवेतच. घरातल्या सपातांवर उड्या मारू नका.

रक्त भरून यायला मला पाच महिने लागले. तेवढे दिवस फक्त चालणं. मग पुन्हा पहिल्या फेरीपासून. लग्नात मी जुनीच पैठणी नेसले, ब्लाउज उसवून. आज वजन ६७ आहे, हिमोग्लोबिन १२.४. कंबर ८९ सेंटिमीटर. आपल्याकडच्या बायकांना ८० च्या आत हवी असं डॉक्टर म्हणतात, तेव्हा अजून मजल बाकी आहे.

परवा पुन्हा मंगळागौर झाली. भाचेसूनच समोर. चाळीस गिरक्या मी मोजल्या, मग तिनंच हात सोडले. पुढच्या मंगळवारी शेजारच्या आळीत आहे. मास्तरीणबाईंनी आत्ताच बजावलंय, पहिली फुगडी त्यांच्याशी घालायची.