तापाची खूण कपड्याआड

पावसाळा ओसरू लागला की घराघरांत ताप येतो. डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड, सगळ्या तपासण्या होतात आणि निगेटिव्ह येतात. तरी ताप हटत नाही, डोके ठणकते, अंग ठेचल्यासारखे दुखते. "व्हायरल असेल" म्हणत बसणे मग महागात पडते.

२०१८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नागपूर आणि आसपासच्या भागात स्क्रब टायफसचे रुग्ण एकामागून एक सापडले, काही दगावलेही. तोवर हे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकले होते? टायफॉइडशी याचा संबंध नाही. गवत-झुडपांतल्या चिगर माइटची अळी चावते. ती डोळ्यांना जवळपास दिसतच नाही, चावा दुखतही नाही. तिच्यातून अंगात गेलेला जीवाणू साधारण दहा दिवसांनी ताप आणतो. उपचार लांबले तर फुप्फुसे, यकृत, मूत्रपिंडे, मेंदूही सापडतो.

रक्ताची आयजीएम तपासणी पहिल्या आठवड्यात फसवू शकते. पण बऱ्याच रुग्णांच्या अंगावर एक खूण असते: विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली, भोवती लाल कडा. दुखत नाही, म्हणून रुग्णालाही पत्ता नसतो. आणि असते कुठे? काखेत, जांघेत, छातीखाली, नाडी बांधतो त्या कमरेवर.

आपल्या घरातल्या बायकांचे इथेच अडते. अम्मी दवाखान्यात जाते, बुरख्यातून हात पुढे करते, बीपी मोजून चिठ्ठी घेऊन परतते. डॉक्टरही संकोचतात. महिला डॉक्टर जरूर मागा. त्या नसतील तर उपचारापुरते अंग दाखवायला शरीअतने मुभा दिली आहे. शंका असेल तर मौलाना साहेबांना विचारा. तेही जमत नसेल तर घरीच दार लावून मुलीने किंवा बहिणीने नीट पाहावे आणि खपली दिसली तर डॉक्टरांना सांगावे. ती सगळ्यांना येत नाही, तेव्हा दिसली नाही म्हणून निश्चिंत होऊ नये. बकऱ्यांसाठी चारा कापला होता का, गवतात बसलो होतो का, हेही न विचारता सांगावे.

औषध महाग नाही. डॉक्सिसायक्लिन वेळेत सुरू झाले तर ताप बहुधा दोन दिवसांत उतरू लागतो. म्हणूनच संशय पक्का असेल तर डॉक्टर रिपोर्टची वाट पाहत नाहीत. पेनिसिलिनच्या जातीची औषधे इथे चालत नाहीत, त्यामुळे मेडिकल स्टोअरमधून मनाने गोळ्या आणणे नकोच. बाई गरोदर असेल तर ते आधी सांगावे. तिला सहसा अ‍ॅझिथ्रोमायसिन देतात.