पिल्लांची रक्ती हगवण

बीडमध्ये पाऊस तसा बेताचाच. पण आष्टी-पाटोद्याकडे झड लागली की खुराड्यातला भुसा ओला होतो आणि तीन ते सहा आठवड्यांची पिल्लं पंख पाडून कोपऱ्यात गोळा होतात. विष्ठेत रक्त दिसलं की गावात लगेच ‘मानमोडी (राणीखेत) आली’ म्हणतात. बहुतेकदा तो आयमेरिया असतो. हा एकपेशीय परजीवी आतड्याच्या पेशींत शिरून वाढतो आणि त्या फोडून बाहेर पडतो. रक्त येतं ते तिथून. हा जंत नव्हे, त्यामुळे जंताचं औषध इथे वाया जातं.

औषध अँप्रोलियम, तेही पाण्यातून. कारण आजारी पिल्लू दाणा सोडतं, पाणी पितं. साथ जोरात असेल तर 20 टक्क्यांची पूड लिटरला साधारण 1.2 ग्रॅम, पाच दिवस. पशुवैद्यकाला विचारूनच. औषध दिसायला थायमिनसारखं (म्हणजे ब-1 जीवनसत्त्वासारखं), म्हणून परजीवी फसतो आणि उपाशी मरतो. या दिवसांत प्रेमापोटी ब-जीवनसत्त्वाचं टॉनिक पाजलं, की औषधावर पाणी!

भुसा मात्र रोज हलवा, भांड्याभोवतीचा ओला भाग काढून टाका. विष्ठेतल्या आयमेरियाच्या बीजकोशांना ऊब आणि ओल मिळाली की एक-दोन दिवसांत ते संसर्गाला तयार होतात. नेहमीची जंतुनाशकं त्यांना जुमानत नाहीत.