पितळी वाद्यांचं दुकान काढायचंय? आधी मास्तर मोजा, मग गाळा बघा



"दादा, किराणा झाला, मोबाइल झाला, कपडा झाला. आमच्याकडं आता वेगळं काय टाकू?" हा प्रश्न प्रत्येक ट्रेनिंगमध्ये कोणीतरी विचारतंच. वेगळं दुकान काय असतं, ते मी परभणीत स्वतः करून बसलोय. ट्रम्पेट, युफोनियम, सॅक्सोफोन, बिगुल, झांजा, टाळ. व्हिडिओत मी दुकान दाखवलं. पैसे कुठं अडकले, ते इथं नीट लिहितो. तुमच्या कामाचं तेच आहे.

दुकान उघडलं जूनमध्ये. भिंतीवर १४ ट्रम्पेट, ४ युफोनियम आणि ३ सॅक्सोफोन. लाइट लावला की असं चमकायचं, की रस्त्यानं जाणारा माणूस थांबायचाच. थांबायचा, फोटो काढायचा आणि जायचा. डिपॉझिट, फर्निचर, माल सगळं मिळून साडेतीन लाख लागले होते. त्यात आईच्या दोन बांगड्या गहाण ठेवून आलेले पैसेही होते. दिवाळीपर्यंत ५ ट्रम्पेट गेले, त्यातले ३ उधारीवर.

बीबीएला असताना मी मार्केट सर्व्हेवर अख्खा प्रोजेक्ट लिहिला होता. स्वतःच्या दुकानाचा सर्व्हे मात्र केला नाही. बघा, अशी गंमत असते.

१) आधी ग्राहक मोजा

परभणी जिल्ह्यात ९ तालुके: परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम आणि पूर्णा. मी उशिरा का होईना, मोटरसायकलवर सगळे फिरलो. वहीत चार रकाने केले: बँडपथकं, शाळा, भजनी मंडळं, गणेश मंडळं.

वहीतून कळलं ते असं. नवीन वाद्य घेणारा माणूस थोडा आहे आणि तो वर्षानुवर्षं परत येत नाही. नीट सांभाळलं तर ट्रम्पेट कितीतरी वर्षं वाजतो. शिवाय लग्नात डीजे आला, आणि आजचा बँडही कीबोर्ड आणि भोंगे लावलेली गाडी घेऊन निघतो. ट्रम्पेटवाले त्यात मोजकेच.

आता हिशोब करा. समजा भाडं, लाइट, हप्ता मिळून महिन्याला १०,००० खर्च आहे. आठ हजारांच्या ट्रम्पेटवर हजार रुपये सुटतात असं धरा. म्हणजे नुसता खर्च निघायला महिन्याला १० ट्रम्पेट विकायला हवेत. आपल्या जिल्ह्यात दर महिन्याला १० मास्तर नवा ट्रम्पेट घेतील का? हा प्रश्न मी गाळ्याचं डिपॉझिट भरायच्या आधी विचारायला हवा होता.

२) माल बघायला स्वतः जा

बँडच्या वाद्यांचं मोठं ठिकाण म्हणजे उत्तर प्रदेशातलं मेरठ, तिथला जली कोठी भाग. तिथली नादिर अली अँड कंपनी १८८५ पासूनची. त्यांनीही सुरुवातीला परदेशातून वाद्यं मागवून विकली, कारखाना नंतर आला. परभणीहून सचखंड एक्सप्रेसनं दिल्ली गाठायची, तिथून मेरठ साधारण ७० किलोमीटर.

मी पहिला माल फोनवर, फोटो बघून मागवला. एका व्यापाऱ्यानं पाठवलेल्या पेटीत तीन ट्रम्पेटचे व्हॉल्व्ह अडकत होते. परत पाठवायचं भाडंही माझ्याच अंगावर. दुसऱ्या वेळी एका जाणत्या मास्तरांना सोबत नेलं. त्यांच्या तिकिटाचे पैसे एका पेटीतच वसूल झाले.

ट्रम्पेट घेताना एवढं बघाच:

- तिन्ही व्हॉल्व्ह दाबून सोडा. पटकन आणि एकसारखे वर यायला हवेत.
- व्हॉल्व्ह न दाबता त्याची स्लाइड बाहेर ओढा. 'फट्' असा आवाज आला तर हवा टिकते. गुपचूप बाहेर आली तर कुठंतरी गळती आहे.
- जोडांवरचा डाख बोट फिरवून बघा.
- शेवटी वाजवणाऱ्याच्या हातात द्या. चकाकी आपल्याला दिसते, सूर त्याला कळतो.

३) दुकान तगतं दुरुस्तीवर

आता मुख्य गोष्ट. माघातली दाट तीथ होती. गंगाखेडकडचे एक मास्तर दुपारी दुकानात आले. ट्रम्पेटचा माउथपीस नळीत घट्ट बसला होता, निघतच नव्हता. संध्याकाळी वरात. माझ्याकडं तो काढायचं हत्यार नव्हतं. मी शहाणपणानं म्हणालो, "मास्तर, नवीनच घ्या ना, सवलत देतो." ते भिंतीकडं बघून म्हणाले, "मालक, मला नवा नको. मला आज वाजणारा पाहिजे." आणि नांदेडच्या गाडीला निघून गेले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. १४ पैकी ९ ट्रम्पेट भिंतीवर होते, आणि ज्याला खरी गरज होती तो माणूस दारातून परत गेला होता.

दुसऱ्या दिवसापासून मी एका वयस्कर मास्तरांकडं शिकायला बसलो. चार महिने. पोचे कसे काढायचे, डाख कसा द्यायचा, व्हॉल्व्ह धुऊन तेल कसं घालायचं, सॅक्सोफोनचे पॅड कसे बदलायचे. माउथपीस काढायचं हत्यार तर पहिल्याच आठवड्यात मागवलं. भांड्याचा पोचा काढणारा कारागीर आपल्याकडं मिळतो, पण वाद्याचा पत्रा पातळ असतो. जोराचा एक हातोडा आणि सूर गेलाच समजा.

याच शिकण्यात एक धंद्याची गोष्ट कळली. सॅक्सोफोन असतो पितळेचा, पण त्याचा आवाज येतो पत्तीतून, म्हणजे रीडमधून. अ‍ॅडॉल्फ सॅक्सनं १८४६ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, तेव्हापासून हे असंच आहे. पत्ती झिजते, फुटते, परत घ्यावी लागते. तसंच व्हॉल्व्हचं तेल, स्लाइडचं ग्रीस, स्प्रिंगा, पॅड. वाद्य एकदा विकलं जातं, हा किरकोळ माल पुन्हापुन्हा जातो. आज माझा गाळा यावर आणि दुरुस्तीवर उभा आहे. शिवाय दोन जुने ट्रम्पेट भाड्यानं द्यायला ठेवलेत. मास्तरांचं वाद्य माझ्याकडं टेबलावर असलं, तरी त्यांची सुपारी बुडत नाही.

४) वर्ष आधी कागदावर मांडा

मी जूनमध्ये उघडलं, म्हणजे लगनसराई संपताना. आषाढी झाली की चातुर्मास, लग्नं बंद. तुळशीचं लग्न लागेपर्यंत मी माश्या मारत बसलो. तुम्ही असं मांडा:

- आषाढीच्या आधी: टाळ. शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी परभणी, गंगाखेडवरूनच पंढरपूरला जाते. त्या दिवसांत टाळांची विचारणा वाढते. जोडी वाजवूनच द्या, आवाज पटल्याशिवाय भजनी माणूस घेत नाही.
- १५ ऑगस्ट, १७ सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आणि २६ जानेवारी: शाळांचे बिगुल, ड्रम. शाळेत महिनाभर आधी जा.
- गणपती, नवरात्र: झांजा आणि ताशे.
- तुळशीच्या लग्नानंतर: बँड. मध्ये १९ फेब्रुवारीची शिवजयंती आणि १४ एप्रिलची भीमजयंती.
- चातुर्मास: दुरुस्ती. रिकाम्या दिवसांत मास्तरांची वाद्यं मागून घ्या, दर थोडा कमी ठेवा.

५) उधारी

बँडवाल्याचा पैसा शेतकऱ्याच्या पैशावर चालतो. सोयाबीन, कापसाला भाव नसला की लग्नातला बँड आधी कापला जातो. मग मास्तर तुमचे पैसे कुठून देणार? तो लबाड नसतो, अडकलेला असतो. माझे ८० हजार असेच बाहेर होते. मागायला गेलो की चहा मिळायचा, पैसे नाही.

आता नियम एकच: नवीन वाद्याला निम्मे पैसे रोख, उरलेले तीन हप्त्यांत, आणि हप्त्याची तारीख त्यांच्या सुपारीच्या दुसऱ्या दिवशीची. सुपाऱ्यांची वही त्यांच्यासमोरच उघडून तारखा लिहितो. दुरुस्तीला उधारी नाही.

६) कागदपत्रं

दुकान छोटं, मोजक्या कामगारांचं असेल तर शॉप अ‍ॅक्टखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. उद्यम नोंदणी मोफत आहे, कोणाला पैसे देऊ नका. मुद्रा कर्जात शिशू गटात ५० हजारांपर्यंत आणि किशोर गटात ५ लाखांपर्यंत विनातारण मिळतं. म्हणजे आईच्या बांगड्यांना हात लावायच्या आधी बँकेत विचारा, मी विचारलं नव्हतं. जीएसटीचं एक लक्षात ठेवा: ४० लाखांची मर्यादा फक्त माल विकणाऱ्याला आहे. दुरुस्तीची सेवा जोडली की २० लाख धरून चला. परराज्यात माल विकला तर नोंदणी लागतेच. एकदा सीएकडं बसून हे नक्की करा.

या आठवड्याचं काम

गाळा बघू नका. एक वही घ्या आणि ३० मास्तरांना भेटा. प्रत्येकाला तीनच प्रश्न: शेवटचं वाद्य कधी घेतलं? कुठून घेतलं? काय सारखं बिघडतं? तिसऱ्या उत्तरात तुमचं दुकान आहे. पितळी वाद्यांचंच कशाला, शिलाई मशीन, सायकल, फवारणी पंप, कशाचंही टाका, हे तीन प्रश्न लागू पडतात.

आणि हो, गंगाखेडकडचे ते मास्तर. दुसऱ्या वर्षी मीच त्यांच्याकडं गेलो, त्यांचा ट्रम्पेट आणला, धुऊन, पोचे काढून दिला. आता त्यांची सगळी वाद्यं माझ्याकडंच येतात. नवा ट्रम्पेट त्यांनी अजून घेतलेला नाही, आणि मी विचारतही नाही.

आईची एक बांगडी सोडवली. दुसरी अजून बँकेत आहे. या लगनसराईत तीही घरी येईल असा हिशोब मांडलाय, आणि या वेळी हिशोब वहीतून केलाय.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत वही भरा!