खाऱ्या पाण्याची टाकी मुरू द्यावी

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात मासा सर्वांत शेवटी येतो. आधी पाणी, मग दगड, मग डोळ्यांना न दिसणारे जिवाणू. हा क्रम चुकला की मासे मरतात.

पाण्यासाठी नळाऐवजी आर.ओ.चे पाणी घेऊन त्यात लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास समुद्री क्षारांचे तयार मिश्रण विरघळवतात. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही, कारण समुद्रातले कॅल्शियम, मॅग्नेशियम त्यात पुरेसे नसतात. टाकीतले पाणी आटते तेव्हा मीठ मागे राहते. म्हणून रोजची तूट गोड्या पाण्याने भरायची असते. तापमान २५-२६ अंशांवर राखावे लागते. मुंबई-कोकणातल्या उन्हाळ्यात त्यासाठी बहुधा चिलर घ्यावा लागतो.

टाकीत सच्छिद्र दगड रचतात, कारण जिवाणू त्यांच्या छिद्रांत वस्ती करतात. प्रवाळाला भारतात कायद्याचे संरक्षण आहे. तेव्हा अशा दगडांसाठी किनाऱ्यावरून प्रवाळ न उचलता कृत्रिम दगड घ्यावेत.

माशांच्या शरीरातून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया सुटतो. तो विषारी असतो. एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही घातकच. दुसरे त्याचे नायट्रेट करतात, जे माशांना बरेच कमी बाधते. ही साखळी बसायला सहसा चार ते सहा आठवडे लागतात. तोवर रिकाम्या टाकीत चिमूटभर खाद्य टाकून पाणी तपासत राहायचे. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर टिकले, की पहिला मासा आणता येतो. तो क्लाउनफिश असावा: काटक, तयार खाद्य खाणारा आणि बंदिस्त जागेत पैदास होणारा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याची पैदास भारतातच यशस्वी केली आहे.

खरी कसोटी नाजूक माशांची. निळ्या-नारिंगी नक्षीचा मँडरिन मासा दुकानात मोह घालतो, पण तो दिवसभर दगडांवरचे कोपेपॉड नावाचे सूक्ष्म जीव टिपून जगतो. तयार खाद्याच्या गोळ्यांकडे तो बहुधा ढुंकूनही पाहत नाही. नव्या टाकीत कोपेपॉड जेमतेम असतात. ते संपले की त्याचे पोट खपाटीला जाते आणि काही आठवड्यांत तो उपासमारीने मरतो. म्हणून टाकी निदान सहा महिने, शक्यतो वर्षभर मुरलेली हवी. शेजारच्या छोट्या कप्प्यात शेवाळ वाढवले, तर कोपेपॉडना सुरक्षित जागा मिळते.

जोडीला आर्टेमिया या कोळंबीसारख्या बारीक जीवाची पिल्ले देता येतात. अंडी खाऱ्या, कोमट पाण्यात हवा सोडून ठेवली की साधारण दिवसभरात फुटतात. पिल्ले दुसऱ्या दिवशी खाऊ लागतात. तेव्हा त्यांना ओमेगा-३ युक्त द्रावण पाजून मगच माशांपुढे सोडावे, कारण नुसत्या आर्टेमियात समुद्री माशांना लागणारी मेदाम्ले कमी पडतात. गोठवलेला मायसिस हा कोळंबीसारखा छोटा जीवही हळूहळू सवयीचा करता येतो. चपळ मासे असतील, तर मंद खाणाऱ्याच्या तोंडाशी पिपेटने खाद्य सोडावे.

समुद्री घोडा मात्र आणूच नये. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली त्याला संरक्षण असल्याने त्याला पकडणे आणि विकणे हा गुन्हा आहे. दुकानात कोणी दाखवला, तर वन विभागाला कळवावे.