चूक पुस्तकाची, रडली पोरगी

पोह्यांना फोडणी घालत होते, तेवढ्यात दारात ती दिसली. डोळे सुजलेले, छातीशी एक जाडजूड पुस्तक. म्हणाली, "काकू, मले नाही जमत वो. मी गावाले परत जाते."

मुलगी एटापल्लीकडची. आल्लापल्ली, आष्टी करत एसटीने चंद्रपूरला येऊन राहिलेली. घरातून कॉलेजात आलेली पहिलीच. हातातलं कॉम्प्युटरचं पुस्तक आमच्या महिला मंडळाच्या पुस्तकपेढीतलं, आणि कपाटातून काढून दिलेलं माझ्याच हातांनी! त्यातला पहिलाच प्रोग्राम तिनं जसाच्या तसा कॉम्प्युटरवर उतरवला. चारदा ताडून पाहिला. तरी पडद्यावर चूक असल्याची सूचना. तीन रात्री हेच. शेवटी तिनं ठरवून टाकलं, आपल्यालाच डोकं नाही.

मी बी. ए. झालेली, तेही मराठी घेऊन. मला यातलं काय कळणार? शेजारचा मुलगा पुण्याहून सुटीवर आला होता, त्याला हाक मारली. त्यानं आधी पुस्तकाचं छपाईच्या माहितीचं पान उघडलं आणि म्हणाला, "हिची चूक नाही काकू. पुस्तक पायथन दोनचं आहे. हिच्या कॉम्प्युटरवर पायथन तीन आहे."

पायथन ही कॉम्प्युटरला कामं सांगायची एक भाषा. गिडो व्हॅन रॉसम या डच माणसानं ती तयार केली आणि १९९१ साली लोकांसमोर आणली. तिच्यातल्या जुन्या खोडी काढायच्या म्हणून डिसेंबर २००८ मध्ये पायथन तीन आलं. पण दोनमध्ये लिहिलेलं बरंचसं तीनमध्ये चालेना! पूर्वी 'प्रिंट' लिहून पुढे मजकूर दिला की तो पडद्यावर उमटे. आता तो मजकूर कंसात घालावा लागतो. एवढ्या दोन कंसांपायी पोरगी गावाला निघाली होती! १ जानेवारी २०२० पासून पायथन दोनची देखभालही बंद झाली. पुस्तकं मात्र कपाटांत तशीच राहिली.

कंसाची चूक निदान पडद्यावर दिसते तरी. दुसरा एक बदल मुकाट्यानं गोंधळात टाकतो. समजा, बचत गटाचे २५ रुपये दोघींत वाटायचे. जुन्या पायथनात उत्तर यायचं १२. वरचे पन्नास पैसे गडप! नव्यात येतं १२.५. तिचं उत्तर असंच अपूर्णांकात आलं होतं आणि पुस्तकात पूर्णांक छापलेला. बरोबर आलेलं उत्तरही बिचारीनं स्वतःच्या चुकांत मोजलं होतं.

पुस्तकाचे शेवटचे धडे जँगोचे. जँगो म्हणजे वेबसाइट उभारायचा तयार सांगाडा. त्याला फ्रेमवर्क म्हणतात. मांडववाल्यानं खांब उभे करून द्यावेत आणि आपण सजावट करावी, तसं. डिसेंबर २०१७ मध्ये आलेल्या जँगो २.० नं पायथन दोनची साथ सोडली आणि साइटवरच्या पानांचे पत्ते लिहायची सोपी रीत आणली. पुस्तकातली जुनी रीत २०२१ च्या ४.० मध्ये चालेनाशीच झाली. म्हणजे पुस्तक भाषेतही मागे पडलं आणि सांगाड्यातही.

मी म्हटलं, "टाकू रद्दीत." तर तीच म्हणाली, "दुरुस्त करू ना, काकू."

मग कित्येक रविवार ती आणि तिच्या दोन मैत्रिणी आमच्या ओसरीवर बसल्या. शेजारच्या मुलानं फोनवरून रीत सांगितली. प्रत्येक प्रोग्राम स्वतः चालवून पाहायचा. नुसते कंस घालत सुटायचं नाही, उत्तर का बदललं ते समजून घ्यायचं. मगच त्या पानावर चिठ्ठी चिकटवायची, स्वाध्यायाचं उत्तरही बदलायचं. जँगोचे धडे चिठ्ठ्यांनी भागेनात, ते वहीत नव्यानं लिहिले. या खटाटोपात एक छान गोष्टही कळली. पायथन तीनला आपली देवनागरी विनातक्रार कळते. पोरींनी प्रोग्राममध्ये 'रक्कम' असा मराठी शब्द घालून पाहिला, तोही चालला!

मैत्रिणींनो, आपल्यातल्या कितीतरी जणींनी एमएस-सीआयटी केलंय. ऑफिस २००३ वर शिकलेल्यांना आठवत असेल, २००७ च्या ऑफिसमध्ये वरची मेनूची ओळ जाऊन चिन्हांची पट्टी आली, तेव्हा आपणही भांबावलो होतो. शहरातल्या मुलीला 'अगं, पुस्तक जुनं आहे' असं सांगणारं कुणीतरी भेटतं. रानातल्या गावातून आलेल्या मुलीला सांगणार कोण? ती चूक स्वतःवर घेते, आणि घरचेही म्हणतात, "बघ, झेपत नव्हतंच." मग शिक्षण सुटतं.

म्हणून दोन गोष्टी सांगते. कॉम्प्युटरचं पुस्तक घेताना त्यावरचं साल नीट वाचा. 'पुनर्मुद्रण' म्हणजे जुनाच मजकूर पुन्हा छापलेला. 'सुधारित आवृत्ती' लिहिलं असेल तरच आत काही बदललंय. आणि पुस्तक दान देताना ते भाषेच्या कोणत्या आवृत्तीचं आहे, हे पहिल्या पानावर ठळक लिहा. आमच्या पेढीतलं प्रत्येक कॉम्प्युटरचं पुस्तक आता असंच तपासून बाहेर पडतं. चूक माझी होती, ती पुन्हा व्हायला नको.

ती मुलगी गावाला परत गेली नाही. दुरुस्त केलेलं पुस्तक तिनं वहीसकट पेढीत जमा केलं. पहिल्या पानावर तिच्या अक्षरात लिहिलंय : 'हे पुस्तक पायथन तीनसाठी दुरुस्त केले आहे. प्रोग्राम चालला नाही तर आधी पुस्तकाचे साल पाहा, मग स्वतःची चूक शोधा.'