मळ्यात घर बांधताय? आधी पुराची खूण बघा!



गावठाण अपुरं पडलं, भाऊ वेगळे झाले, की मळ्यात वस्ती करायचा विचार सुरू होतो. शिरोळ तालुक्यापुरतं बोलायचं तर जमीन कसदार आणि कृष्णा-पंचगंगेचा संगम नरसोबावाडीला. उसाला याहून चांगलं रान नाही. पण राहण्याची जागा वेगळ्या नजरेनं पाहावी लागते. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी हेच शिकवलं.

पाया खणण्याआधी चार गोष्टी तपासा. पहिली, २०१९ चं पाणी कुठवर चढलं होतं? शेजारच्या जुन्या भिंती पाहा, जाणत्यांना विचारा आणि जोतं त्याच्या वर घ्या. दुसरी, बाहेर पडायचा रस्ता ओढ्यावरून जातो का? पूल बुडाला की वस्तीचं बेट होतं. तिसरी, वीज गेली की मोटार बंद. मग पूर उशाला आणि कोरड घशाला! भरलेली टाकी, आठवड्याचा शिधा, औषधं आणि बॅटरी हाताशी हवी. चौथी, जनावरं कुठल्या उंचवट्यावर न्यायची आणि तिथं वैरण कुठली, हे मे महिन्यातच ठरवा.

पाणी गोठ्यात शिरल्यावर ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून उपयोग नाही.